कोबीच्या नावाखाली बावन्न

सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, चहाचा पहिलाच घोट घशाखाली उतरत असताना, मला कोबीच्या नावाखाली बावन्न दिसले. पापणी लवायच्या आत ते गेलेही. तिथे एकशे अडतीस आले, जे असायलाच हवे होते, आणि स्क्रीन इतका साळसूद झाला की मघाशी काही घडलंच नव्हतं असं वाटावं. मी कप टेबलावर ठेवला. आता हे कोबी आणि बावन्न काय प्रकरण आहे ते आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं बाईचं डोकं फिरलंय. मी इस्पितळांसाठी प्रोग्रॅम लिहिते. वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशेजारी एक यंत्र असतं, ते पेशंटची नाडी मोजतं, आणि ती नाडी पेशंटच्या नावासकट नर्सच्या टेबलावरच्या मोठ्या स्क्रीनवर दिसते. आता तीच नर्सच्या हातात मावेल अशा छोट्या स्क्रीनवर दिसावी असं आमचं चाललंय, आणि तो छोटा स्क्रीन दोन आठवड्यांनी खऱ्या वॉर्डात जायचा आहे. आमच्या टेबलावर अर्थातच खरे पेशंट नसतात. खोटे असतात, आणि कधीकाळी कुणीतरी गंमत म्हणून त्यांना भाज्यांची नावं दिली ती चिकटली. गाजर म्हणजे रोज दहा किलोमीटर पळणारा ठणठणीत माणूस, नाडी बावन्न. कोबी म्हणजे तापानं फणफणलेला, नाडी एकशे अडतीस. दर सेकंदाला गाजराला घरी पाठवायचं, त्याच सात नंबरच्या खाटेवर कोबीला आणायचं, मग उलट, असा खेळ दिवसभर आपोआप चालू असतो. त्यात तापलेल्या कोबीच्या नावाखाली गाजराची शांत नाडी दिसली तर खऱ्या वॉर्डात काय होईल हे सांगायला डॉक्टर लागत नाही.

आणि कहर म्हणजे हे घडूच शकत नाही. हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे, चारचौघांसमोर, बोर्डावर. मला भीती वाटली असं म्हणायला आवडेल, पण वाटला तो आनंद. तीस वर्षं या धंद्यात काढली की रोजच्या चुका ओळखीच्या होतात, दारात आल्या आल्या नावानं हाक मारावी इतक्या. अशक्य गोष्ट मात्र कधीतरीच भेटायला येते. माझं वय एक्कावन्न, गुडघे बोलायला लागलेत, आणि मी त्या खुर्चीवरून एखाद्या शाळकरी पोरीसारखी उठले आणि घड्याळाकडे गेले. घड्याळ म्हणजे आमच्या टीमचा प्रमुख. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, भला माणूस, बोलता बोलता मनगटाकडे बघतो म्हणून हे नाव.

"कोबीखाली बावन्न दिसले," मी म्हणाले.

"कुठे?"

"छोट्या स्क्रीनवर. आत्ता."

"किती वेळ?"

"अगदी पापणी लवेपर्यंत."

तो हसला. वाईट हसला नाही, मायेनं हसला, आणि तेच मला झोंबलं. "मॅडम, शक्य नाही. बोट अर्धवट दिसत नाही. तुमचाच नियम." आणि माझाच नियम त्यानं मला म्हणून दाखवला, पाढ्यासारखा, एकही शब्द न चुकता. आमच्याकडे नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात तो शिकवला जातो. नियम असा. आमच्या प्रोग्रॅमच्या पोटात एकाच वेळी अनेक जण काम करत असतात, त्यांना आम्ही थ्रेड म्हणतो. एक थ्रेड पेशंटची माहिती लिहितो, बाकीचे वाचतात. लिहिणारा लिहीत असताना वाचणाऱ्यानं डोकावलं तर त्याला अर्धं जुनं अर्धं नवं दिसेल. म्हणून लिहिणारा वेगळ्या पानावर सगळं लिहून काढतो, आणि लिहून झालं की 'वाचायचं पान हे' असं दाखवणारं बोट त्या पानाकडे फिरवतो. बोट म्हणजे पॉइंटर. आणि हे फिरणं अ‍ॅटॉमिक असतं, म्हणजे एका दमात होतं. बोट एकतर जुन्या पानाकडे असतं नाहीतर नव्या. मधल्या मध्ये लटकलेलं ते कुणालाही, कधीही दिसत नाही. पानं मोजकीच असतात, वापरलेलीच पुसून परत घेतात, पण वाचणारे त्यावरून उठल्याशिवाय पान परत घ्यायचं नाही याची व्यवस्था वेगळी आहे आणि ती चोख आहे. तेव्हा ज्याला बोट दिसलं त्याला पान पूर्णच दिसणार. नाव कोबीचं आणि नाडी गाजराची, असं पान जगात अस्तित्वातच नाही. "काल झोप नीट झाली ना तुमची?" घड्याळानं विचारलं आणि मनगटाकडे बघितलं.

मी जागेवर परत आले ती चरफडत. झोप! आठ तास झोपले होते. मी पाहिलं होतं हो, ढळढळीत पाहिलं होतं. आणि 'मी पाहिलं' हे दोन शब्द मनात उमटले तसा त्यांच्यामागून एक चेहरा आला, तो मी लगेच बाजूला सारला. आत्ता नाही, आत्ता काम आहे, असं स्वतःला बजावलं. स्क्रीनसमोर बसले आणि टक लावून बघत राहिले. गाजर बावन्न, कोबी एकशे अडतीस, गाजर बावन्न, कोबी एकशे अडतीस. अकरा वाजले. डोळ्यांत पाणी आलं. साडेअकरा. जी गोष्ट पुन्हा दिसायला हवी तिची वाट बघत बसणं फार विचित्र असतं. पहिली दहा मिनिटं माणूस स्क्रीनवर संशय घेतो, मग विजेवर, मग चहावर, आणि तासाभरानं स्वतःवर. बाराच्या सुमारास मला खरोखरच वाटायला लागलं की बावन्न नसतीलच. एकशे अडतीसच असतील, मी गाजरावरून कोबीकडे येताना माझ्या डोळ्यांनीच मागचा आकडा ओढून आणला असेल. दीड तासात माझी ही गत. आणि त्याला मी तीन वर्षं दिली होती.

तेव्हा चेहरा पुन्हा आला आणि या वेळी हलला नाही. दुर्बीण. तो आमच्याकडे परीक्षक होता. बाकीचे प्रोग्रॅम लिहिणार, हा मोडून बघणार. कामच ते. उंच, वाकलेला, जाड चष्म्याचा, आणि त्या चष्म्यातून त्याला जे दिसायचं ते दहा जणांना दिसायचं नाही. एखादं अक्षर केसभर सरकलं तरी त्याला कळायचं. आम्ही त्याला चिडवायचो, की लग्नाला गेलास तरी आमंत्रणपत्रिकेतल्या चुकाच मोजत बसशील. तीन वर्षांपूर्वी छोट्या स्क्रीनचा पहिला नमुना आला तेव्हा तो एकट्यानं त्याच्यासमोर बसायचा, आणि एके दिवशी तो माझ्याकडे आला नि म्हणाला, "मॅडम, कोबीच्या नावाखाली बावन्न दिसले." हेच शब्द. माझेच सकाळचे. मी त्याला बसायला सांगितलं नाही. अख्ख्या टीमला बोर्डापाशी बोलावलं. मला शिकवायची हौस आहे, टाळ्यांचीही आहे, लपवत नाही. पाऊण तासात मी पान काढलं, बोट काढलं, एकेक शक्यता घेतली आणि खोडली. शेवटी बोर्डावर त्याच्या बावन्नला जागाच उरली नाही. तो मागे उभा होता. "पण मॅडम, मी पाहिलं," तो म्हणाला. "तू पाहिलंस," मी म्हणाले, "पण तसं घडलं नाही." सगळे हसले, मीही हसले. कुणीतरी म्हणालं, निदान एकदा छोट्या स्क्रीनवर मुद्दाम चाचणी तरी लावून बघूया का? आणि मी म्हणाले, सिद्ध झालेल्या गोष्टीची चाचणी कशाला? ते वाक्य मला तेव्हा इतकं आवडलं होतं की घरी जाऊन आईलाही ऐकवलं. पुढे तो छोटा स्क्रीनच काही कारणानं बासनात गेला, खोक्यात भरून कपाटावर. तो यंदा परत निघाला. दुर्बिणीचं मात्र त्या दिवसापासून काहीतरी बिनसलं. तो चष्मा पुसायला लागला. एक गोष्ट दोनदा बघायचा, मग तीनदा, मग शेजाऱ्याला बोलावून विचारायचा, तुलाही असंच दिसतंय ना रे? त्याच्या अहवालांत 'बहुधा' यायला लागलं. बहुधा रंग बदलला. बहुधा आवाज आला नाही. परीक्षकानं बहुधा लिहायचं म्हणजे संपलंच की. वर्षअखेरीस त्याच्याबद्दल माझं मत मागितलं तेव्हा मी लिहिलं, निरीक्षणावर विसंबता येत नाही. ते खोटं नव्हतं. ते खोटं नव्हतं हेच त्यातलं वाईट. चार महिन्यांनी त्यानं नोकरी सोडली. मेव्हण्याच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायला लागला असं कानावर आलं, आणि मी म्हणाले, चला, बरं झालं, मोकळ्या हवेत असेल.

साडेबाराला आईचा फोन आला. तो रोज येतो. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, घरी माझ्याकडेच असते, आणि मी जेवले का हे विचारल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नाही. चाळीस वर्षं ती वॉर्डात नर्स होती. मी लहानपणी शाळा सुटली की तिच्या वॉर्डातल्या लाकडी बाकावर बसून गृहपाठ करायचे, फिनेलच्या वासात. समोर खाटा, प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी टांगलेली पाटी. आईचं एक ठरलेलं होतं. नवा पेशंट आला की ती पाटी काढून टेबलाशी यायची, उभ्या उभ्या जुनं पुसायची, नाव, ताप, नाडी, औषध सगळं लिहायची, एकदा वाचायची, आणि मगच जाऊन टांगायची. एक नवी शिकाऊ नर्स होती, ती खाटेपाशीच उभी राहून टांगलेल्या पाटीवर लिहायला लागली तर आई पंधरा पावलं धावत गेली होती. आई कधी धावत नसे. फोनवर ती जेवणाचं विचारत होती आणि माझ्या डोळ्यांसमोर तिची ती धाव होती.

"आई, ती पाटी तू लिहूनच का टांगायचीस गं?"

"कुठली पाटी?"

"वॉर्डातली. टांगून मग लिहिली तर काय बिघडतं?"

"हे काय मधेच? जेवलीस का तू?"

"सांग ना."

"अगं मग काय! डॉक्टर काय माझं लिहून होईपर्यंत डोळे मिटून उभे राहणार होते? पाटी टांगलेली दिसली की ते वाचणार. त्यांना काय ठाऊक मी अजून नाडीपर्यंत पोचले नाही? वर नाव नवं, खाली नाडी मागच्याची. माणूस मरायचा एखादा."

मी उभी राहिले. खुर्ची मागे कोसळली त्याचा आवाज आईलाही ऐकू गेला, ती "काय पडलं? काय पडलं?" करत राहिली, आणि मी तिला म्हणाले, आई, तू देवमाणूस आहेस, संध्याकाळी बोलते, आणि फोन ठेवला. वर नाव नवं, खाली नाडी मागच्याची! बोट अर्धवट दिसत नाही हे खरं होतं, आजही खरं आहे. पण बोट ज्या पानाकडे दाखवतंय ते पान भरून झालंय की नाही याबद्दल माझा तो सुप्रसिद्ध नियम अवाक्षर बोलत नव्हता. मी गृहीत धरलं होतं. आधी पान भरायच्या ओळी, खाली बोट फिरवायची ओळ, अशा मी लिहिल्या होत्या, आणि मी ज्या क्रमानं लिहिलं त्याच क्रमानं ते सगळ्यांना दिसणार अशी माझी भाबडी समजूत. पण कॉम्प्युटरच्या चिपला घाई असते. तिच्या हातात दहा गोष्टी पोचवायच्या असतात, आणि जी आधी तयार होईल ती ती आधी सोडते. लिहिणाऱ्या थ्रेडला स्वतःला सगळं जागच्या जागी दिसतं, त्याला पत्ताही लागत नाही. पलीकडून वाचणाऱ्याला मात्र बोट फिरलेलं आधी दिसू शकतं, नाव आलेलं असतं, आणि नाडी मागाहून पोचते. तेवढ्या फटीत पुसायच्या पानावरची जुनी नाडी तशीच असते. मोठ्या स्क्रीनमागच्या कॉम्प्युटरची चिप जुन्या शिस्तीची, लिहिलेलं त्याच क्रमानं बाहेर देणारी, म्हणून माझी चूक अकरा वर्षं तिच्या पदराखाली सुखात राहिली. छोट्या स्क्रीनमधली चिप वेगळ्या घराण्यातली. तिला असला दंडक कुणी स्पष्ट सांगितल्याशिवाय माहीत नाही. आणि सांगायची सोय असते! बोट फिरवताना एक शब्द जोडायचा असतो. रिलीज म्हटलं की चिपला हुकूम जातो, याआधी लिहिलेलं सगळं दिसल्याशिवाय बोट फिरलेलं कुणाला दिसता कामा नये. वाचणाऱ्यानं आपल्या बाजूनं त्याचा जोडीदार शब्द वापरायचा, अक्वायर. आणि रिलॅक्स्ड म्हटलं तर, बोट तेवढं मोडू नकोस, बाकी तुझं तू बघ.

मी ती फाइल उघडली. अकरा वर्षांपूर्वीची ओळ, माझीच, आणि तिच्या शेवटी रिलॅक्स्ड. वर मी शेरा लिहिलेला, 'इथे याहून जास्त लागत नाही.' खाली माझी आद्याक्षरं. मला तो दिवस आठवला. सेकंदाचा अब्जावा भाग वाचवला होता मी, आणि तो वाचवल्याचं दोन दिवस सांगत फिरले होते. आई टांगायच्या आधी लिहायची हे माझ्या डोळ्यांनी हजार वेळा पाहिलेलं असताना. मला हसू फुटलं. नंतर चाचणी लिहिली, वीस मिनिटांत. आता डोळ्यांनी बघत बसायचं नाही, छोट्या स्क्रीनच्या चिपनंच मोजायचं. एक कोटी वेळा पान बदल, आणि नाव कोबी, नाडी बावन्न असं पान सापडलं की आकडा एकनं वाढव, उलटी जोडी सापडली तर ती वेगळी मोज. सुरू केली आणि टेबलाची कड धरून उभी राहिले. शून्य. शून्य. शून्य. मग एक. मी ओरडले. खरंच ओरडले, सगळ्यांनी माना वळवल्या. एक कोटी पुरे झाले तेव्हा आकडा होता एकवीस. मोठ्या स्क्रीनच्या कॉम्प्युटरवर तीच चाचणी, शून्य. मग छोट्यावर रिलॅक्स्डच्या जागी रिलीज, वाचणाऱ्याकडे अक्वायर, फक्त दोन शब्द, पुन्हा एक कोटी, शून्य. या शून्यावर मी विसंबणार नव्हते, कागदावरही मांडून बघितलं, या वेळी पानासकट. बसत होतं. घड्याळ येऊन उभा राहिला, आकडे बघितले, आणि पहिल्यांदाच मनगटाकडे न बघता म्हणाला, "बाप रे." मी त्याला पॅसेजमध्ये ओढत नेऊन पुन्हा सगळं सांगितलं, हातवारे करून, पाटी आणि आई आणि धाव, आणि एका जागी मी अक्षरशः उडी मारली. गुडघ्यातून कळ आली. मारली तरी.

मग चूक नोंदवायची होती. आमच्याकडे त्याचा एक फॉर्म असतो. चूक काय, कुठे दिसली, कुणाला सापडली. शेवटच्या रकान्यात मी माझं नाव टाइप केलं. सवयीनं नाही, खुशीनं केलं, चांगलं सावकाश. पाठवणार तर फॉर्मखाली एक ओळ उगवली. अशीच एक जुनी नोंद आहे, नोंदवणाऱ्यानं मागे घेतलेली. मी ती उघडली. तीन वर्षांपूर्वीची, दुर्बिणीची. मी ती तेव्हा वाचलीच नव्हती, त्याच्या तोंडून ऐकलं आणि थेट बोर्डाकडे गेले होते. त्यात लिहिलं होतं, 'खाट सात. गाजर जाऊन कोबी येताना आधी नाव बदललं, नाडी जुनीच राहिली, मग नाडी बदलली. फक्त छोट्या स्क्रीनवर. मोठ्यावर चार तास पाहिलं, एकदाही नाही.' आधी नाव, मग नाडी. फक्त छोट्यावर. सगळं उत्तर त्यात होतं. वाचायला दहा सेकंद लागले असते. आणि खाली, मागे घेतानाची त्याची ओळ, 'बहुधा माझी नजर चुकली असावी.' सकाळपासून अंगात जे उसळत होतं ते गेलं नाही, हे मी कबूल करते. ते तसंच उसळत राहिलं, पण आता ते माझ्या आत मावत नव्हतं. हे मला कुणालातरी सांगायचं होतं आणि जगात तो एकच माणूस असा होता की ज्याला सांगायला हवं होतं. मी रकान्यातलं माझं नाव खोडलं, फॉर्म तसाच ठेवला आणि पर्स उचलली.

ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे दोन दुकानांमधली एक चिंचोळी खोली, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा तक्ता, काउंटरवर फॉर्मचे गठ्ठे. काउंटरमागे त्याची बायको होती. आम्ही एकदा ऑफिसच्या सहलीला भेटलो होतो. तिनं मला लगेच ओळखलं आणि ओळखल्याचा तिला आनंद झालेला दिसला नाही.

"ते धड्यावर आहेत," ती म्हणाली.

"मी थांबते. खूप महत्त्वाचं आहे."

"त्यांच्यासाठी की तुमच्यासाठी?"

तिनं वहीत बघितलं. "चारचा धडा रिकामा आहे, बाई आल्या नाहीत. बोलायचं असेल तर गाडीत बसा. पण स्टिअरिंगवर बसावं लागेल. शेजारच्या सीटवर ते बसतात, त्यांचा ब्रेक तिकडे आहे." मी सांगितलं की मला गाडी येत नाही. "मग शिका," ती म्हणाली, आणि पुढच्या फॉर्मवर शिक्का मारला.

तो आला. केस विरळ झाले होते, चष्मा तोच. मला बघून त्यानं नमस्कार केला, अगदी पूर्वीसारखा वाकून, आणि मी एक्कावन्न वर्षांत पहिल्यांदा स्टिअरिंगमागे बसले. गाडी एका रुंद, जवळजवळ निर्मनुष्य रस्त्यावर उभी होती, दोन्ही बाजूंना गोदामांच्या भिंती. "आरसा दिसतोय ना मॅडम? मागे कुणी आहे का बघा. मलाही कुणी दिसत नाहीये, पण तुम्ही एकदा बघा." मी बघितलं. कुणी नव्हतं. क्लच, पहिला गिअर, हळू सोडा, आणि गाडी आचके देत निघाली तशी मी बोलायलाही निघाले, तशीच आचके देत. सुरुवात कुठून करायची ते येताना रिक्षात घोकलं होतं, आधी माफी, मग बाकीचं. तोंडातून निघालं ते भलतंच. "सापडलं! रिलॅक्स्ड होतं रे, रिलॅक्स्ड! बोट आधी पोचत होतं, पान मागाहून! चिप उलटं दाखवते, छोटीच फक्त, मोठी नाही!" मी एका हातानं त्याला बोट फिरवून दाखवत होते. "दोन्ही हात स्टिअरिंगवर," तो म्हणाला. गाडी सायकलच्या वेगानं चालली होती.

"कुठलं सापडलं?" त्यानं विचारलं.

"कोबीखाली बावन्न."

त्यानं रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुम्ही पाहिलेत?"

"आज सकाळी. मग मोजले."

"किती?"

"एक कोटीत एकवीस."

"एकवीस," तो म्हणाला. आणि मग तो परीक्षक झाला, माझ्या शेजारी, त्याच सीटवर. पाठ ताठ झाली. आवाज बदलला. नाव आधी की नाडी? नाव. कधीच उलट नाही? उलटही होतं, बावन्नच्या जागी एकशे अडतीस, गाजराखाली, पण कमी. किती? सहा. चिप गरम झाल्यावर वाढतात का? नाही बघितलं. बघायला हवं. रिलीज लावल्यावर? शून्य. किती कोटींत? एकाच. एकात काय होतंय मॅडम, शंभर तरी करा. आम्ही दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलत होतो, मी हसत होते, तोही हसत होता, मी कधी दुसरा गिअर टाकला मला आठवत नाही. बहुतेक त्यानंच टाकायला लावला असेल. तीन वर्षं मधे नव्हतीच असा तो पाव मैल गेला. मग त्यानं आपल्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी थांबली, बंद पडली. त्यानं चष्मा काढला आणि मांडीवर ठेवला.

"म्हणजे मी पाहिलं होतं," तो म्हणाला.

"हो."

"मला वाटलं होतं..."

तेव्हा मी म्हणाले जे आधी म्हणायचं होतं. चूक माझी होती. शब्द माझा, शेरा माझा, बोर्ड माझा. तुझी नोंद मी आज पहिल्यांदा वाचली. तुझ्याबद्दल मी जे लिहून दिलं तेही माझंच काम. उद्या त्याच बोर्डापाशी, त्याच लोकांसमोर मी हे सांगणार आहे, आणि फॉर्मवर चूक शोधणारा म्हणून तुझं नाव जाणार आहे. तू आलास तर बरं होईल, नाही आलास तरी सांगणार आहे. माझा आवाज चिरकत होता आणि लाज वाटत होती, आणि त्या लाजेखाली ते सकाळचं सुख अजून बेशरमपणे धडधडत होतं. त्यानं ऐकून घेतलं. मान हलवली. रागावला नाही, मला तो रागावायला हवा होता. त्यानं खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"तिला सांगा," तो म्हणाला. "मी सांगितलं तर तिला वाटेल, मला तसं वाटतंय."

फोन उचलला गेला. मागे शिक्क्याचा आवाज आला. मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. पान नाही, बोट नाही. तीन वर्षांपूर्वी तुमच्या मिस्टरांनी एक गोष्ट पाहिली आणि मी सगळ्यांसमोर सांगितलं की तसं काही झालं नाही. झालं होतं. त्यांनी पाहिलं अगदी तसंच झालं होतं. मी चुकले होते, ते नाही. त्यांच्या नजरेत काही खोट नव्हती, तेव्हाही नाही, नंतरही नाही.

पलीकडे शिक्क्याचा आवाज थांबला.

"रोज झोपायच्या आधी ते गॅस बंद करतात," ती म्हणाली. "स्वतःच्या हातानं. बंद झालेला स्वतः बघतात. आणि खाटेवर येऊन मला म्हणतात, तू एकदा बघून ये ना. मी उठते. तीन वर्षं झाली, एक दिवस चुकला नाही. मी जाते, बघते, येऊन सांगते बंद आहे, मग त्यांचा डोळा लागतो." मग ती म्हणाली, "त्यांना सांगा, आज मी उठणार नाहीये."

मी फोन खाली घेतला. तो माझ्याकडे बघत होता, चष्म्याशिवायच्या त्या उघड्या डोळ्यांनी.

"काय म्हणाली?"

"आज ती उठणार नाही म्हणाली."

त्याला लगेच कळलं. त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं, मग मांडीवरचा चष्मा उचलला आणि न पुसताच डोळ्यांवर चढवला.